एकटीची नाव

माझी धाकटी लेक इंग्लंडमध्ये एका नावेवर एकटी राहते, हे समजल्यापासून आप्तेष्टांनी मला अनेक प्रश्न विचारले आहेत. घर घेणे जमले नाही का? एकट्या मुलीला तिथे भीती वाटत नाही का? रात्री दोर सुटला आणि नाव वाहून गेली तर? आजारी पडली तर बघणार कोण? हे प्रश्न काळजीपोटी विचारले जातात, म्हणून त्यांचा राग कधी आला नाही. प्रारंभी तेच प्रश्न माझ्याही मनात होते. गेल्या दोन वर्षांत मिळून साधारण तीन महिने मी तिच्या नावेवर राहून आले. तिथे जे पाहिले आणि तिच्याकडून जे शिकले, ते सविस्तर लिहावे असा काहींनी आग्रह धरला, म्हणून हा लेख.

आमचे वांगणी हे जव्हार तालुक्यातील डोंगराळ भागातील गाव. नाव, नांगर, सुकाणू हे शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातले नव्हेत. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाही. आणि त्याच गावांत चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात. वैतरणा, पिंजाळ, वाघ अशा नद्या याच डोंगरांतून वाहतात, त्यातील वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते, परंतु काठावरच्या पाड्यांतील बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. माझी लेक या गावात वाढली. दोन हंड्यांत घराचा दिवस कसा काढावा, हे तिने शाळेत जाण्यापूर्वीच पाहिले होते. पुढे ती परिचारिका झाली, इंग्लंडमधील एका रुग्णालयात रुजू झाली, आणि तीन वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर साठवलेल्या पैशातून तिने एक जुनी नाव विकत घेतली.

या नावांना तिथे नॅरोबोट म्हणतात. इंग्लंडमधील कालवे अठराव्या शतकात कोळसा आणि माल वाहण्यासाठी खोदले गेले. ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली सुरू झाला आणि पुढील पन्नास-साठ वर्षांत देशभर कालव्यांचे जाळे पसरले. चढ-उतार ओलांडण्यासाठी कालव्यावर ठिकठिकाणी दारे असलेली दगडी कुंडे बांधली. त्यांना लॉक म्हणतात. अनेक कालव्यांवरील लॉकची रुंदी जेमतेम सात फूट ठेवली गेली, म्हणून नावही तेवढीच अरुंद, आणि माल अधिक मावावा म्हणून लांब, कधी सत्तर फुटांपर्यंत. पूर्वी काठावरच्या वाटेने घोडा चाले आणि दोराने नाव ओढी. आगगाडी आणि पुढे मोटारी आल्यावर मालवाहतूक संपली. आता सुटीसाठी फिरणारे आणि कायम राहणारे लोक या नावा वापरतात. लेकीची नाव ५० फूट लांब आहे. पोलादी तळ, डिझेलवर चालणारे इंजिन, पुढच्या भागात कोळशाची शेगडी, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, मागे झोपण्याची जागा. वजन सुमारे पंधरा टन. तिने ऑक्सफर्ड कालव्यावर एक कायमचा थांबा भाड्याने घेतला आहे. सुटीच्या दिवसांत ती नाव घेऊन निघते.

तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "आई, मी नाव चालवत असताना तू मला मदत करायची नाहीस." मला ते लागले. परंतु कारण ऐकल्यावर पटले. एकट्याने काम करणाऱ्याची सगळी सुरक्षितता त्याच्या ठरलेल्या क्रमात असते. आधी काय, मग काय, कोणत्या हातात काय, हे अंगवळणी पडलेले असते. दुसऱ्या कोणी प्रेमाने एखादे काम अर्धवट उचलले की तो क्रम तुटतो. "दोर तू धरला आहेस असे मी समजेन, आणि मी धरला आहे असे तू समजशील. मग नाव कोणाच्याच हाती राहणार नाही." रुग्णालयातही ती हेच पाळते, असे म्हणाली: ज्याने औषध काढले त्यानेच ते द्यावे. तेव्हापासून मी पुढच्या टोकाशी बसून पाहत असे, आणि तिने सांगितले तरच उठत असे.

आता सामग्रीविषयी. एकटीच्या नावेवर सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले असते तर मी इंजिन म्हटले असते. लेकीच्या मते ती वस्तू म्हणजे मधला दोर. नावेच्या छतावर बरोबर मध्यभागी एक कडी असते. तिला बांधलेला लांब दोर छतावरून मागे सुकाणूपर्यंत आणून ठेवायचा. दोर मागच्या टोकापर्यंत पोहोचेल इतका लांब असावा, परंतु पाण्यात पडला तर पंख्यात अडकेल इतका लांब नसावा. काठाशी नाव आणताना एकट्या माणसाला पुढच्या आणि मागच्या दोन दोरांकडे धावता येत नाही. पुढचे टोक धरले तर मागचे काठापासून दूर जाते, मागचे धरले तर पुढचे. मधोमध धरलेली नाव मात्र सरळ काठाला लागते. हातात मधला दोर घेऊन सावकाश काठावर पाय टाकायचा, खुंटाला एक वेढा द्यायचा, नाव थांबली की मग पुढचे-मागचे दोर बांधायचे. यात तीन नियम तिने माझ्याकडून पाठ करून घेतले. उडी कधी मारायची नाही. नाव काठाला लागेपर्यंत थांबायचे. दोर हाताला किंवा मनगटाला कधी गुंडाळायचा नाही. पंधरा टनांचा झटका हाडाला सोसत नाही. आणि नाव भिंतीवर आदळू लागली तर हातपाय मध्ये घालायचे नाहीत. पोलादाला पोचा पडला तर पडू द्यावा.

दुसरी वस्तू लाइफ जॅकेट. कालव्याचे पाणी बहुतेक ठिकाणी कमरे-छातीइतकेच असते. पडलेल्या माणसाने घाबरून हातपाय मारण्यापूर्वी उभे राहून पाहावे, असे तिथे सांगतात. परंतु लॉकमधील पाणी खोल असते, आणि थंडीच्या दिवसांत गार पाण्याच्या पहिल्या धक्क्यानेच श्वास कोंडतो. सोबत दुसरे माणूस असेल तर ते इंजिन बंद करील, दोर टाकील. एकटीसाठी हे कोण करणार? म्हणून एकट्याने चालवताना जॅकेट अंगात, मोबाइल जलरोधक पिशवीत गळ्यात, आणि नावेवर पुन्हा चढता यावे म्हणून मागच्या बाजूला पायरी. मोबाइल खोलीत ओट्यावर ठेवलेला असेल तर पाण्यात पडलेल्याला त्याचा काय उपयोग?

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. लहान बंद जागेत कोळशाची शेगडी पेटते, गॅसवर स्वयंपाक होतो, इंजिनाचा धूर जवळच असतो. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. त्यासाठी इशारा देणारे लहानसे यंत्र नावेत हवेच. २०१९ पासून तिथल्या सुरक्षा नियमांनी ते बंधनकारक केले आहे. शिवाय हवा खेळती ठेवणाऱ्या जाळ्या थंडी लागते म्हणून कधीही कापडाने बुजवायच्या नाहीत. आपल्याकडेही हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणारी कुटुंबे आहेत, गॅस गीझर लावलेली बिनखिडकीची न्हाणीघरे आहेत. या एका परिच्छेदासाठी तरी हा लेख वाचकांनी घरच्यांना वाचून दाखवावा.

यापुढची यादी साधी आहे. लॉकच्या झडपा फिरवण्याचा लोखंडी हँडल, ज्याला विंडलास म्हणतात, तो एक हाती आणि एक राखीव, कारण पाण्यात पडलेला हँडल सहजासहजी सापडत नाही. किल्ल्यांना बुचाचा गोळा, म्हणजे त्या पडल्या तरी तरंगतात. काठावर ठोकायच्या लोखंडी मेखा आणि हातोडा. बोगद्यासाठी पुढचा दिवा. दोर कापण्याजोगी धारदार सुरी. कपड्यांचे चार जोड, भांडी मोजकी, पुस्तके एक फळी. ५० फूट लांब आणि सात फूट रुंद घरात नवी वस्तू आणायची तर जुनी बाहेर काढावी लागते. आपल्याकडे परिग्रहाची मर्यादा आपण व्रत म्हणून घेतो. नावेवर ती मर्यादा लाकडी भिंतीच घालून देतात.

पाण्याविषयी मात्र लेकीला कोणी शिकवावे लागले नाही. नावेच्या टाकीत काही शे लिटर पाणी मावते आणि ते कालव्यावरील ठराविक नळांवरच भरता येते. तिचे शेजारी आठवड्याला टाकी भरतात. तिला ती तीन आठवडे पुरते. भांडी विसळलेले पाणी कुठे वापरायचे, अंघोळीला किती तांबे पुरतात, हे ती वांगणीतूनच घेऊन गेली. शेजारची एक वृद्ध इंग्रज बाई मला कौतुकाने म्हणाली, ही तर जन्मजात नावाडी आहे. मी मनात म्हटले, बाई, हिने नाव पाहिली ती विशीनंतर. हंडा मात्र जन्मापासून पाहिला आहे.

नाव चालवणे हे मोटार चालवण्यासारखे नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. वळताना ती पुढच्या टोकाने वळत नाही. मध्यावर फिरते, म्हणजे मागचे टोक दुसऱ्या बाजूला झुकते. ब्रेक नाही, थांबायचे तर इंजिन उलटे फिरवायचे आणि वाट पाहायची. मागे जाताना सुकाणू जवळजवळ काही ऐकत नाही. वेगाची कमाल मर्यादा ताशी चार मैल, आणि बांधून ठेवलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू. समोरून नाव आली की आपण उजवीकडे व्हायचे. पंख्यात पिशवी किंवा दोर अडकला, तर वरची झाकणी उघडून हाताने काढावा लागतो. त्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढायची आणि खिशात घालायची. "नुसते बंद करून चालणार नाही, किल्ली खिशात," हे तिचे शब्द.

खरी परीक्षा लॉकवर होते. वर चढताना एकट्या माणसाचा क्रम असा: लॉकच्या अलीकडे काठाला नाव लावून बांधायची. विंडलास घेऊन वर जायचे. कुंड भरलेले असेल तर खालच्या झडपा उघडून रिकामे करायचे. पाणी समान झाले की दार आपोआप सैल होते. त्याआधी कितीही जोर लावला तरी ते हलत नाही. ताकद वाया घालवण्यापेक्षा क्षणभर टेकून उभे राहावे. मग नाव आत आणायची, मधला दोर हाती घेऊन शिडीने वर चढायचे, खुंटाला वेढा द्यायचा, दार आणि झडपा लावायच्या. वरची झडप आधी थोडीच उघडायची आणि नावेकडे पाहत राहायचे. पाणी आत धावते तेव्हा नाव पुढेमागे ओढली जाते. काम झाले की विंडलास लगेच काढून हातात घ्यायचा. तो दांड्यावर तसाच ठेवला आणि खीळ निसटली, तर गरगर फिरून माणसाच्या अंगावर येतो.

खाली उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दाराखाली दगडाची एक पायरी असते. तिला तिथे सिल म्हणतात, आपण उंबरा म्हणू. कुंड भरलेले असताना ती पाण्याखाली असते, दिसत नाही. पाणी उतरू लागले आणि नावेचे मागचे टोक त्या उंबऱ्यावर राहिले, तर मागचा भाग दगडावर अडकतो आणि पुढचा पाण्यासोबत खाली जातो. काही क्षणांत नाव बुडते. म्हणून काठावर पांढरी खूण केलेली असते, तिच्या पुढेच नाव ठेवायची. उतरताना दोर गाठ मारून बांधायचा नाही, फक्त वेढा द्यायचा आणि सैल सोडत जायचे. नाहीतर पाणी जाईल आणि नाव दोराला लटकेल. आणि काही बिघडल्यासारखे दिसले तर विचार करत बसायचे नाही, आधी सगळ्या झडपा बंद करायच्या. एके दिवशी पावसात तिने हे सर्व सलग सात लॉकवर केले. घाई कुठेच नव्हती. प्रत्येक लॉकवर ती झडप उघडण्यापूर्वी एकदा मागे वळून खुणेकडे पाहत होती. सातव्या लॉकवर, इतकी दमलेली असतानाही, तिने तसेच पाहिले. माझी अर्धी काळजी त्या एका नजरेने गेली.

आणखी एक दिवस आठवतो. वारा जोराचा होता. तिची रजा दुसऱ्या दिवशी संपणार होती आणि नाव थांब्यापासून पाच-सहा तासांवर होती. अशा उंच बाजूंच्या, उथळ तळाच्या नावेला वारा शिडासारखा ढकलतो. तिने सकाळी दहा मिनिटे झाडांकडे पाहिले, नाव तिथेच पक्की बांधली आणि बसने कामावर गेली. नाव पुढच्या सुटीला आणली. एकटीने नाव चालवण्यात कधी निघू नये हे कळणेही येते, हे मी त्या दिवशी समजले.

एकट्याने नाव हाकण्याची परंपरा आपल्यालाही परकी नाही. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदर सोडले आणि कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी ते परतले. असे करणारे ते जगातील पहिले. त्यांची 'सुहेली' ही ३२ फुटी नौका सागवानाची, आणि ती बांधली गेली मुंबईत, कुलाब्याला, आपल्याच सुतारांच्या हातांनी. वाटेत वादळाने टाकीतील पिण्याचे पाणी खराब झाले, तेव्हा त्यांनी पावसाचे पाणी साठवून प्यायले. आपोआप दिशा धरणारे यंत्र मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधून नौका चालवली. चाळीस वर्षांनी भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी तशीच प्रदक्षिणा चार बंदरांत थांबत केली. ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. यामागील कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. 'म्हादेई' ही ५६ फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. बांधणीच्या काळात दोंदे स्वतः तिथे हजर असत. समुद्रात दुरुस्तीला कोणी येणार नसते. म्हणून नावेचा प्रत्येक खिळा आधी ओळखीचा असावा लागतो. माझी लेक कुठे आणि हे दर्यावर्दी कुठे! तिचा कालवा मनुष्यभर खोल, काठावर रस्ता, हाकेवर वस्ती. तरीही तिने नाव घेतल्यावर पहिले दोन महिने कुठेही न जाता इंजिनाचे तेल बदलणे, तळाशी साचलेले पाणी तपासणे, बॅटऱ्या जोडणे हेच शिकण्यात घालवले. शहाणपण एकाच जातीचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा याच कालव्यांवर तरुण मुलींनी लंडन आणि बर्मिंगहॅमच्या दरम्यान मालाच्या नावा चालवल्या. तेव्हाही त्यांच्या आयांना झोप लागत नसणार.

आणि एकटी म्हणजे एकाकी नव्हे. रोज रात्री ती मला फोन करून नाव कुठे बांधली ते सांगते. शेजारच्या नावेतील दांपत्याकडे तिच्या दाराची किल्ली आहे, आणि त्यांची हिच्याकडे. लॉकवर अनोळखी माणूसही दार ढकलायला येतो. ती मदत नाकारत नाही, परंतु झडप कधी उघडायची ते स्वतः सांगते. मदत घ्यावी, आज्ञा आपली असावी, ही रीत मला फार आवडली.

म्हणून ज्यांची मुले दूर एकटी राहतात, मग ती नावेवर असोत वा विसाव्या मजल्यावर, त्यांना माझे सांगणे आहे. "परत कधी येणार?" हा प्रश्न दरवेळी विचारू नये. वायूचे यंत्र तपासलेस का, किल्ली कोणाकडे ठेवलीस, थकलीस तर कोणाला फोन करशील, असे विचारावे. अशा प्रश्नांना उत्तर देताना मुलांना कमीपणा वाटत नाही, आणि आपल्यालाही खरी माहिती मिळते.

शेवटी आमच्या भागाविषयी एक विनंती. धरणांच्या फुगवट्याचे पाणी आज अनेक पाड्यांच्या अंगणापर्यंत आले आहे. पलीकडच्या शेतावर, बाजाराला जाण्यासाठी लोक लहानशा होडीतून ते ओलांडतात. त्यांत मुले असतात, आणि अंगावर लाइफ जॅकेट क्वचितच असते. पर्युषणात आपण जे दान काढतो त्यातून एखाद्या शाळेला, एखाद्या होडीवाल्याला चार जॅकेट आणि एक चांगला दोर देता येईल. मी यंदा आमच्या गावाजवळच्या एका शाळेसाठी दहा जॅकेट घेतली आहेत. त्यातील सहा लहान मापाची आहेत. दुकानदार मोठीच दाखवत होता. मोठे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते, हे लेकीने फोनवर बजावले होते. घेताना माप पाहून घ्यावे.